खड्ड्यातलं बीट

आमच्या बुढ्याले म्हातारपणी कास्तकार व्हायचं भूत चढलं होतं. वावर कुठलं? तर घरासमोरची छपरी. तिथं आधी हातमाग होता, तितलीच जागा. एकापुढं एक दोन खाटा टाकल्या तर पाय रोडवर येतीन. त्यात या माणसाले बीट काढायचं होतं, पालक काढायचा होता, अन् चार्ड नावाची एक विलायती भाजी काढायची होती, जिचं नाव आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

बुढा म्हणजे माझा नवरा, नत्थूजी. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण सारा मोहल्ला नत्थूजी नत्थूजी करते, मंग मी एकटीनंच काहून तोंड बांधून बसावं? या वयात पाप लागलं तरी कितीक दिवस लागन!

जातीचे आम्ही कोष्टी. सक्करदऱ्याच्या तलावामागं घर. माझं माहेर उमरेडचं, तिथंही मागच. त्यामुळे मले नवल असं काही वाटलं नाही, पण ज्यानं खड्डा-माग पाह्यला नाही त्याले सांगते. जमिनीत कंबरभर खड्डा असते. माग वर, खड्ड्यावर. विणणारा काठावर बसते अन् पाय खाली सोडते, कारण पावड्या खाली खड्ड्यात असतात, त्या पायानं दाबायच्या. म्हणजे अर्धा माणूस जमिनीत, अर्धा वर. असा हा माणूस सारी जवानी बसला. अन् मी बाजूले, काठावर, रहाट घेऊन सुताच्या कांड्या भरत. ताण्यातून इकडून तिकडं धावणाऱ्या त्याच्या धोट्याले सूत मी पुरवायची. लुगडं त्याच्या नावानं जायचं.

विणायचा मात्र भरगच्च. खोटं कशाले बोलू? त्याच्या लुगड्यावर पाणी ओतलं तर पाणीही थांबून विचार करन, जाऊ का नको. पण त्याले एक रोग होता. ताण्यातला एक उभा धागा तुटला की हा मेला. दुसरे विणकर चालवून घेत, एका धाग्यानं काय होते! हा नाही. माग थांबवणार, तुटलेली दोन टोकं शोधणार, अंगठा जिभेले लावणार, पीळ देणार, जोडणार. ताट वाढून ठेवलेलं आहे, भाकर गार होऊन राहिली आहे, अन् हा तिथं वाकून. मी म्हणायची, "जेवून घ्या, धागा पळून नाही जात." तर म्हणे, "जागा सुटली की कापडाले दात पडल्यासारखं दिसते वं." दात! स्वतःचे पडले तेव्हा इतलं वाईट नाही वाटलं त्याले.

मंग लुगडी नेसणाऱ्या बायका मेल्या, अन् ज्या जित्या होत्या त्या गाऊन घालाले लागल्या. माग बंद पडला. एका हॉटेलवाल्यानं त्याची लाकडं शोभेसाठी नेली; दारात उभा केला आहे म्हणतेत, त्यावर गिऱ्हाईक छत्र्या टांगतेत. छपरीचे टिन एका वादळात उडाले, ते कोणी परत घातले नाहीत. राहिला तो खड्डा, आभाळाखाली उघडा. अन् खड्ड्यावर राहिला बुढा. रोज सकाळी चहाचा कप घेऊन काठावर बसायचा, पाय खाली सोडून. खाली पावड्या नाहीत, काही नाही, अन् पाय आपले खालीवर, खालीवर. रस्त्यानं जाणारे पाहायचे. मले शरम यायची. मी म्हणायची, "बुजवून टाका तो खड्डा, विंचू निघते त्यातून. सिमेंट करा वरून." हे मी इतल्या वेळा म्हटलं की शेजारचे पोपटासारखे म्हणाले लागले होते. लक्षात ठेवा, हे पुढे माझ्याच गळ्यात आलं.

दिवाळीच्या आधी मले चक्कर आली. चूल पुसता पुसता खालीच बसली. अभिजीत, आमचा पोरगा, वाडीले एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, त्यानं सुट्टी टाकून मले धंतोलीले नेलं. धंतोलीत रस्त्यावर नुसतं शिंकलं तरी कोणीतरी आत ओढून तपासून टाकन, इतले दवाखाने. डॉक्टर म्हणे, "आजी, रक्त कमी आहे." गोळ्या लिहून दिल्या अन् वरून म्हणे, "बीट खा, पालक खा, हिरव्या भाज्या खा." बुढा बाजूले टोपी हातात धरून उभा. डॉक्टरनं जणू त्यालेच ऑर्डर दिली, अशी मान हलवली.

ऑटोत बसल्याबरोबर म्हणे, "बीट मी घरी लावतो."

"काहून? बाजारातले बीट मेले का?"

"बाजारातल्यावर औषध मारतेत. तुले घरचं पाहिजे."

ऐकलं? मले घरचं पाहिजे. लग्नाले इतली वर्षं झाली, या माणसानं मले कधी एक गजरा आणला नाही. बाळंतपणात विचारलं नाही, काय वं, कसं आहे. अन् आता माझ्या रक्तासाठी बीट! मी काय दूधपिती आहे? रक्त माझं, बहाणा त्याचा. त्याले परत खड्ड्यात उतरायचं होतं, अन् डॉक्टरनं दार उघडून दिलं.

मयुरी, आमची सून, तिले भल्ला आनंद झाला. ती मोबाइलवर बागा पाहते. लावत नाही, पाहते. तिनं तीन पुड्या मागवल्या: बीट, पालक, अन् ते चार्ड. पुडीवर फोटो असा की लग्नाचा मांडव, लाल पिवळ्या दांड्या. उमरेडहून माझ्या भावानं, हेमराजनं, वावरातली काळी माती पाठवली, शेणखत पाठवलं. पोत्यांवर पोती खड्ड्यात रिकामी झाली. विंचवाचा खड्डा काठोकाठ भरला.

अन् पेरलं कसं, ते ऐका. दोन्ही टोकाले खुंट्या ठोकल्या. घरात जुनं सूत पडलेलं होतं, ते ताणून बांधलं. ताणाच लावला म्हणा ना! अन् त्या सुताखाली बी टाकलं, एकाले एक चिकटून. मयुरी पुडी वाचून म्हणे, "बाबा, दोन बियांत चार बोटं सोडा म्हणून लिहिलं आहे." तर काय म्हणते, "इतली जागा सोडली तर कापड नाही होत बाई, जाळी होते."

कापड! मातीत कापड विणाले निघाला बैताड.

बीटाचं बी म्हणजे एक बी नसतेच. खडबडीत गोळी असते, तिच्या पोटात तीन-तीन, चार-चार बिया. चार्डाचंही तसंच, एकाच खानदानाचे आहेत दोघं. तर झालं काय, आठ-दहा दिवसांत जिथं एक टाकलं तिथं चार निघाले. लाल देठांची दाटी झाली नुसती, मुंगीले जायले वाट नाही. बुढा खूश. सकाळ-संध्याकाळ काठावर बसून हात फिरवते वरून, लुगड्यावर फिरवावा तसा. "पाह्य वं, कसं भरगच्च आलं!"

भिंतीपलीकडं कौशल्या राहते. कास्तकाराची लेक, लहानपण सारं निंदण-खुरपणात गेलेलं. तिनं भिंतीवरून डोकं काढलं अन् कपाळावर हात मारला.

"नत्थूजी, हे काय जी? विरळणी करा. चारातले तीन उपटा, एक ठेवा. नाहीतर खाली काहीच धरणार नाही, नुसता पाला खात बसा."

बुढ्यानं तिच्याकडं असं पाह्यलं, जशी ती पोरं मारा म्हणून राहिली. "चांगलं निघालेलं काहून उपटू?"

"बीटाले फुगाले जागा पाहिजे ना."

"ज्याले फुगायचं तो फुगन. माझ्यानं होत नाही ते."

कौशल्या माझ्याकडं पाहून म्हणे, "तुळजाबाई, तुम्ही तरी सांगा." मी म्हटलं, "माय, पालथ्या घड्यावर पाणी टाकून टाकून माझेच हात दुखाले लागले. तू कशाले आपली हंडी रिकामी करते?"

आता इथं अभिजीतची गाडी येते. वाडीतल्या कोणाची जुनी पांढरी कार त्यानं घेतली. हौस! गाडी रोडवर उभी राहायची अन् एका सकाळी पाहतो तर आरसा तुटलेला. कोणी तोडला, कोणाले माहीत? अभिजीत दिवसभर धुसफुसला, अन् रात्री जेवताना म्हणे, "छपरी साफ करू, सिमेंट करू, गेट लावू, गाडी आत घेऊ." मी म्हटलं, "कर बापा, मी तर कधीची सांगून राहिली." हो, म्हटलं मी. माझ्याच तोंडानं.

बुढ्यानं हातातला घास ताटात ठेवला. "तिथं मी तुझ्या मायसाठी बीट लावलं आहे."

"बाबा, बीट बाजारात भेटते."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

बुढ्याले बोलता येते कुठं! घास बोटानं चिवडत राहिला. अभिजीत वाईट पोरगा नाही, बापाच्या तोंडाकडं पाहून त्यालेही कसंतरी झालं असन. म्हणे, "चला, असं करू. संक्रांतीपर्यंत थांबतो. मुठीएवढं एक बीट या खड्ड्यातून काढून दाखवा, फक्त एक. मी गाडी जिंदगीभर रोडवर ठेवीन, एक शब्द बोलणार नाही. नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी रविंद्र मिस्त्री येईन."

"दिली जबान," बुढा म्हणे.

मले ताटच फेकून मारावं असं वाटलं. या माणसाच्या जबानीची गोष्ट मले माहीत आहे. व्यापाऱ्याले लुगडं ज्या दिवशी देतो म्हटलं त्या दिवशी दिलंच, अंगात ताप असला तरी. जबान दिली म्हणजे आता देव आला तरी हा हटणार नाही. अन् तिकडं बीट उपटणार नाही. नाचता येईना अन् अंगणही स्वतःच वाकडं करून ठेवलं!

पालक आधी आला. पालकाले काही लागत नाही, दाटीतही येते बिचारा, गरिबाघरच्या पोरीसारखा. चण्याची डाळ टाकून पातळ भाजी केली, बरी झाली. बुढा समोर बसून माझ्या तोंडाकडं पाहून राहिला. "कशी झाली?" मी म्हटलं, "पालकासारखी." तरी वाडगं सरकवत म्हणे, "अजून घे, रक्त वाढन." जसं काही त्यानं कापून दिलेलं पान थेट नसेतच जाते.

मंग ते चार्ड. काय सांगू बाप्पा! हत्तीच्या कानासारखी पानं, नवरीच्या चुड्यासारखी लाल दांडी. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून विचाराले लागल्या, "काय लावलं जी नत्थूजी?" अन् बुढा छाती काढून, "बीटाची मोठी बहीण आहे." त्याले वाटलं इतलं मोठं पान, म्हणजे खाली काय नारळ असन! रोज बोटानं बुडखा उकरून पाहे. काही नाही. परत माती लावून ठेवे. दुसऱ्या दिवशी परत. शेवटी मयुरीनं भीत भीत सांगतलं, "बाबा, चार्डाले खाली काही येतच नाही. नुसती पानंच खायची असते." बुढा चाट पडला. म्हणे, "खाली काही नाही तर वर इतला थाट कशाचा?"

मी म्हटलं, "तुमची जात ओळखली नाही का?"

भाजी केली त्याची. पातेलं लाल, पळी लाल, माझे हात लाल. भाजी कमी, होळी जास्त. चव म्हणाल तर पालक रुसून बसल्यावर जशी लागन तशी.

पण बीट? बीट जिथल्या तिथं. पानं वीतभर, खाली करंगळीही नाही. पौष लागला. मी एक दिवस वाट पाह्यली, बुढा दाढी कराले गेला, अन् मी खुरपं घेऊन बसली. रागात होती, पण हात नीट चालवला. कौशल्या भिंतीवरून सांगत होती, हे काढा, हे ठेवा. एका ओळीत चारातले तीन उपटले. मोकळी जागा दिसाले लागली. उपटलेले सारे कोपऱ्यात पाल्याच्या ढिगावर टाकले अन् हात धुऊन आत गेली, की जसं मले काही माहीतच नाही.

बुढा आला. दारातूनच थांबला. चष्मा जाड, समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही, पण एका ओळीत जागा सुटली ती रोडवरून दिसली! चपला काढून ओळीपाशी जाऊन बसला. मले वाटलं, समजलं वाटते. जाऊ दे. अर्ध्या घंट्यानं चहा घेऊन बाहेर गेली, तर हा माणूस ढिगातून एक एक रोप उचलून, काडीनं भोक पाडून, परत त्याच ओळीत खोवून राहिला. एकही जागा सोडली नाही. जोडलं सारं.

मी कप तिथंच आपटला. "तुमाले खड्डा पाहिजे का नाही पाहिजे? सांगा एकदाचं! ही उपटलेली रोपं जगली तरी वाकडीतिकडी होतीन. संक्रांत आली, तो पोरगा सिमेंट टाकन, तुमच्या पायाखालचं जाईन, समजते का काही?"

तर खाली मान घालून म्हणे, "तुटलेलं पाहवत नाही वं मले."

काय करावं अशा माणसाचं? दगडावर डोकं आपटलं तर दगड तरी फुटते. मी बोलणंच सोडलं.

बोलणं सोडलं, पण झोप येईना. मले काय त्या खड्ड्याचं पडलं होतं? नाही. माझं म्हणणं इतलंच की इतला राबून माणूस हरावा कशाले, अन् तेही स्वतःच्या मूर्खपणानं. म्हणून संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी मी बाजारात गेली. बीटवाल्याले म्हटलं, पानासकट दे. तो म्हणे, पानं कापून टाकतो मावशी. मी म्हटलं, मले पानासकटच पाहिजे, माझ्या नवसाचं आहे. शोधून शोधून त्यानं एक दिलं. मुठीएवढं, गोल. पदराखाली घरी आणलं, बुढा झोपलेला होता तेव्हा कोपऱ्यातली चार रोपं काढून तिथं पुरलं, वरून माती दाबली, पाणी टाकलं. पानं थोडी मान टाकून होती, पण बाकीच्यांची तरी कुठं ताठ होती!

संक्रांतीले तिळाचे लाडू झाले, हळदीकुंकवाच्या बाया येऊन गेल्या. दुपारी अभिजीत टेप घेऊन रविंद्र मिस्त्रीले सोबत घेऊनच आला. "बाबा, दाखवा." बुढा काठावर उकिडवा बसला. एक उपटलं, खाली लाल दोरा. दुसरं, दोरा. मी म्हटलं, "ते कोपऱ्यातलं पाहा ना, त्याची पानं जाड आहेत."

बुढ्यानं पानं धरली अन् ओढलं. आलं! मुठीएवढं, गोल, माझ्या मेहनतीचं.

"अरे वा!" अभिजीत ओरडला. खरं सांगते, पोरगा हरला अन् त्याचं तोंड उजळलं. मले वाटते त्यालेही आतून हरायचंच होतं. "बाबा, जिंकले तुम्ही! रविंद्रभाऊ, टेप गुंडाळा." मयुरीनं टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीही हसला. सारं झालं होतं. एका माणसानं तोंड बंद ठेवायचं होतं, बस. जो माणूस आयुष्यभर बोलला नाही त्यानं अजून एक दिवस नाही बोलायचं.

बुढ्यानं बीट हातात फिरवलं. मुळीचं शेपूट पाह्यलं, ते वाळून तुटलेलं. बोटानं माती पुसली, खालून थोडा लाल मुरूम निघाला. आमची माती काळी.

"हे आपल्या मागावरचं नाही," म्हणे. अन् काठावर ठेवून दिलं.

एकदा इतवारीच्या एका शेठनं पॉवरलूमच्या लुगड्यांचा गठ्ठा आमच्या घरी आणून टाकला होता. नत्थूजीच्या हातचं म्हणून विकू, अर्धा नफा तुझा. तेव्हा घरात पीठ नव्हतं. यानं तो गठ्ठा उचलून रोडवर नेऊन ठेवला अन् येऊन परत खड्ड्यात बसला. हेच बोलला होता तेव्हा, आपल्या मागावरचं नाही. त्या दिवशीही रडली मीच होती.

कोणी लावलं, असं बुढ्यानं विचारलं नाही. माझ्याकडं पाह्यलंही नाही. पाह्यलं असतं तर मी भांडली असती, माझ्याजवळ भांडण तयार होतं. नाही पाह्यलं. उठला, रविंद्रले म्हणे, "उद्या या," अन् आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेती आली, सिमेंटच्या थैल्या आल्या. बुढा अंघोळ करून, टोपी घालून छपरीत आला. रविंद्रले म्हणे, "तुम्हीच उपटा. माझ्यानं होणार नाही." अन् खड्ड्याकडं पाठ करून बसला. सारा जन्म ज्या खड्ड्यात तोंड घालून बसला, त्याच्याकडं पाठ. अन् पाय, मी पाह्यलं, जमिनीवर टेकलेले, एकदम गप्प. हलून नव्हते राहिले.

रविंद्रनं फावडं घातलं. पहिलाच पुंजका वर आला. खाली लाल मुळ्या, चार चार एकमेकींत गुंतलेल्या, सुतासारख्या. तुटल्याचा बारीक आवाज झाला. बुढ्याचे खांदे हलले.

अन् माझं डोस्कं फिरलं.

"ठेव ते फावडं!"

रविंद्र थांबला. अभिजीत म्हणे, "माय, तूच तर म्हणत होती सिमेंट करा, सिमेंट करा."

"हो, म्हणत होती. बायको बोलते ते सारं करायचं असते का? तुझ्या बापानं केलं कधी?"

"पण बाबानं जबान दिली."

"जबान यायनं दिली. मी दिली का? मले विचारलं कोणी? या काठावर बसून कांड्या कोणी भरल्या? खड्डा काय याच्या एकट्याचा आहे? रक्त कोणाचं कमी आहे? माझं. बीट कोणाले खायचं आहे? मले. मंग मुदत ठरवणारे तुम्ही बापलेक कोण गा?"

"अन् गाडी?"

"राहू दे रोडवर. लोखंडाले सर्दी होत नाही."

मयुरी तोंडावर पदर धरून हसाले लागली. अभिजीतनं मिस्त्रीकडं पाह्यलं, मिस्त्रीनं आभाळाकडं. शेवटी पोरगा म्हणे, "होळीपर्यंत?"

"होळीपर्यंत. नाही निघालं तर मीच सिमेंट कालवीन."

सारे गेले. मंग मी बुढ्याकडं वळली. तो तसाच पाठ करून.

"अन् तुम्ही. इकडे तोंड करा. बसा इथं. चारातले तीन उपटा, माझ्यासमोर."

"माझ्यानं नाही होत, अभिजीतची माय."

"मले माहीत आहे नाही होत. मी उपटले तर तुम्ही परत लावता. तुमच्याच हातानं निघाले पाहिजे. मले या खड्ड्यातलंच बीट खायचं आहे, बाजारातलं नाही. ते वेगळं."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. काल नाही पाह्यलं ते आज. मंग वळला, काठावर बसला. मीही बसली बाजूले, जिथं रहाट राहायचा तिथं. बुढ्यानं डोळे मिटले अन् एक रोप ओढलं. बारीक लाल मुळी, अर्धी तुटून वर आली. टाकली नाही त्यानं. चिमटीत धरून राहिला. मंग अंगठा जिभेले लावला, मुळीचं तुटलेलं टोक दोन बोटांत घेतलं, अन् पीळ द्यायले लागला. दुसरा हात मातीत फिरून राहिला, दुसरं टोक शोधत. त्याले माहीतही नव्हतं. हात आपला करून राहिला होता.

माझ्याजवळ बोलाले गंज होतं, ढीगभर. येडपट म्हणायचं होतं, बैताड म्हणायचं होतं. पण मी त्याच्या चिमटीतून ती मुळी हळूच काढून घेतली अन् माझ्या ओटीत टाकली.

"नका जोडू आता," मी म्हटलं. "पुढचं घ्या."